अबोल्याचं युद्ध: ‘व्हर्सायचा गुलाब’मधली मादाम द्यु बारी पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

‘व्हर्सायचा गुलाब’, जपानीत ‘बेरुसायु नो बारा’, ही ४० भागांची ॲनिमे मालिका. जपानी दूरदर्शनवर ती ऑक्टोबर १९७९ ते सप्टेंबर १९८० या काळात दाखवली गेली. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, रियोको इकेदा यांची, १९७२-७३ मधली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधीची वीस वर्षं, राणी मारी आंत्वानेत, आणि तिच्या रक्षणासाठी नेमलेली ऑस्कर. ऑस्कर म्हणजे एका सेनापतीची मुलगा म्हणून वाढवलेली मुलगी. बहुतेक लोक ही मालिका ऑस्करसाठी पाहतात आणि ते योग्यच आहे. पण नवख्या प्रेक्षकाचा पाय अडतो तो सुरुवातीच्या भागांत. तिथं खलनायिका आहे मादाम द्यु बारी, म्हाताऱ्या राजाची, पंधराव्या लुईची, प्रेयसी, आणि सगळं भांडण एकाच गोष्टीवर चाललेलं असतं: तेव्हा युवराज्ञी असलेली आंत्वानेत तिच्याशी बोलणार की नाही.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा गोष्टीसाठी पाच-पाच भाग? मलाही पहिल्या वेळी तसंच वाटलं होतं आणि मी ते भाग घाईनं संपवले होते. दुसऱ्यांदा पाहण्याआधी थोडा इतिहास वाचला, आणि तेच भाग मला संपूर्ण मालिकेतले सर्वांत धारदार वाटले. म्हणून हा लेख. तिसऱ्या ते नवव्या भागापर्यंत कसं पाहावं, कुठं थांबावं, कुणाच्या चेहऱ्याकडे बघावं, कुठलं खरं आणि कुठलं रचलेलं, एवढंच यात आहे. नवव्या भागापर्यंतचं कथानक यात उघड होतं. पण गोष्ट इतिहासातलीच असल्यानं राजा मरतो हे आधी कळल्यानं रस कमी होत नाही.

पायरी १: सुरू करण्याआधी पाच तारखा लिहून ठेवा

मालिका घटना झरझर सांगते. निवेदक मधूनमधून साल सांगतो, पण सबटायटल वाचता वाचता ते निसटतं. म्हणून एका कागदावर एवढं लिहून शेजारी ठेवा.

२२ एप्रिल १७६९: द्यु बारीला दरबारात रीतसर सादर केलं गेलं.
१६ मे १७७०: मारी आंत्वानेतचं युवराजाशी, म्हणजे राजाच्या नातवाशी, व्हर्सायला लग्न. ती १४ वर्षांची, तो १५ वर्षांचा.
१ जानेवारी १७७२: ते एक वाक्य.
५ ऑगस्ट १७७२: पोलंडच्या पहिल्या फाळणीचा करार.
१० मे १७७४: पंधराव्या लुईचा देवीच्या रोगानं मृत्यू.

चौथी तारीख इथं का, ते पाचव्या भागाशी पोचलो की सांगते. वयंही लक्षात ठेवा. आंत्वानेत राजवाड्यात आली तेव्हा द्यु बारी २६ वर्षांची होती आणि राजा ६० वर्षांचा. मालिकेत द्यु बारी बरीच मुरलेली, वयानं मोठी भासते. प्रत्यक्षात ती तरुण होती आणि तिचं सगळं एका साठीच्या माणसाच्या श्वासावर अवलंबून होतं. ही एक गोष्ट मनात धरली की तिचा प्रत्येक डाव वेगळा दिसू लागतो.

पायरी २: ‘रखेल’ हा शब्द बाजूला ठेवा

सबटायटलमध्ये जो शब्द येतो त्याचं आपण मनातल्या मनात मराठी करतो, आणि तिथंच घोटाळा होतो. ‘रखेल’ म्हटलं की लपवलेली बाई डोळ्यांसमोर येते. पेशवाईतला ‘नाटकशाळा’ हा शब्द थोडा जवळ जातो, पण तोही पुरा पडत नाही. व्हर्सायमध्ये राजाची अधिकृत प्रेयसी हे जवळजवळ पद होतं. तिला राजवाड्यात दालनं मिळत. द्यु बारीची दालनं राजाच्या खाजगी दालनांच्या वरच्या मजल्यावर होती आणि मधे जिना होता. मंत्री तिच्याकडे जात, राजदूत जात, अर्जदार तिच्या दाराशी थांबत.

मात्र या पदाला एक अट होती. दरबारात वावरायचं तर आधी सादर व्हावं लागे, सादर व्हायला घराणं लागे, आणि सादर करायला एखादी खानदानी बाई लागे. द्यु बारी जन्मानं जान बेक्यु. १७४३ मध्ये पूर्व फ्रान्समधल्या व्होकुलर या गावी जन्मली. आई शिवणकाम करणारी, बापाचं नाव कागदावर नाही. पॅरिसमध्ये ती एका फॅशनच्या दुकानात काम करत होती. पुढं झाँ-बाप्तिस्त द्यु बारी नावाच्या माणसानं तिला हाताशी धरलं, श्रीमंतांच्या बैठकीत आणलं आणि अखेर राजापर्यंत पोचवलं. घराणं हवं म्हणून १ सप्टेंबर १७६८ रोजी तिचं लग्न त्याच्याच भावाशी, गियोमशी, लावून दिलं. तो नवरा लगेच दूर पाठवला गेला. दरबारात सादर करायला कोणी बाई तयार होईना. शेवटी कर्जात बुडालेल्या बेआर्नच्या काउंटेसनं ते काम पत्करलं, कारण तिची देणी फेडली जाणार होती.

म्हणजे मालिकेत द्यु बारी पहिल्यांदा ऐटीत समोर येते तेव्हा तिच्या अंगावरचं प्रत्येक रेशीम उसन्या नावावर उभं आहे. तिला ते माहीत आहे आणि तिच्याभोवती उभ्या असलेल्या प्रत्येक बाईलाही माहीत आहे.

पायरी ३: तिसऱ्या भागात तोंडांकडे पाहा

तिसऱ्या भागाचं नाव साधारण ‘व्हर्सायमध्ये ठिणग्या उडतात’ असं आहे. इथं दोघी पहिल्यांदा समोरासमोर उभ्या राहतात.

आता नियम समजून घ्या, कारण मालिका तो एकदाच सांगते आणि पुढं जाते. दरबारात खालच्या दर्जाच्या बाईनं वरच्या दर्जाच्या बाईशी आपणहून बोलायचं नाही. वरची बोलली तरच खालचीनं उत्तर द्यायचं. राणी मारी लेश्चिन्स्का १७६८ मध्येच वारली होती, त्यामुळं युवराज्ञी आंत्वानेत ही दरबारातली सर्वांत वरच्या दर्जाची स्त्री. तिनं तोंड उघडलं नाही तर द्यु बारीला संपूर्ण दरबारादेखत मुकं उभं राहावं लागणार. आणि युवराज्ञी जिच्याशी बोलत नाही तिच्याशी आपण बोलावं का, हा प्रश्न बाकीच्या शंभर जणींना पडणार.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: अबोला. घरात जावांनी एकमेकींशी अबोला धरला की स्वयंपाकघरात काय होतं हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना व्हर्साय समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच की इथला अबोला परराष्ट्र धोरण ठरवू शकतो.

तेव्हा या भागात संवादांपेक्षा मौनं मोजा. आंत्वानेत कुणाकडे वळते, कुणाला ओलांडून पुढं जाते, द्यु बारीची पापणी कधी हलते. पहिल्या भागांचं दिग्दर्शन तादाओ नागाहामा यांचं आहे आणि त्यांची शैली थोडी नाटकी आहे. विजा चमकतात, पार्श्वभूमी अचानक रंग बदलते. काहींना हे भडक वाटतं. मला ते या विषयाला शोभतं असं वाटतं, कारण बाहेरून काहीच घडत नाही, सगळा गडगडाट आतला आहे, आणि तो दाखवायचा तर असाच दाखवावा लागतो. एकोणिसाव्या भागापासून ओसामु देझाकी यांनी सूत्रं घेतली, मग चित्रभाषा बदलते, सावल्या लांबतात. पण द्यु बारीचे सगळे भाग त्याच्या आधीचे.

पायरी ४: आत्येसासवांना नजरेआड करू नका

पडद्यावर द्यु बारी असली की नजर तिच्यावरच खिळते. प्रयत्नपूर्वक तिच्यावरून काढा आणि राजाच्या मुलींकडे लावा. अदेलाइद, व्हिक्त्वार आणि सोफी, युवराजाच्या तीन अविवाहित आत्या, म्हणजे आंत्वानेतच्या आत्येसासवा. बापानं आईच्या माघारी अशी बाई घरात आणली याचा त्यांना संताप होता. पण राजासमोर त्या बोलू शकत नव्हत्या. मग नवी आलेली चौदा वर्षांची सून हाताशी सापडली. तिच्या कानात त्या रोज ओतत राहिल्या आणि स्वतः मागं उभ्या राहिल्या.

या मुलीचा भाबडेपणा किती होता ते एका प्रसिद्ध किश्श्यावरून कळतं. लग्नाच्या आदल्या रात्री ला म्युएतच्या राजवाड्यातल्या जेवणात द्यु बारीही बसली होती. ही कोण, असं आंत्वानेतनं विचारलं. राजाचं मन रमवणं हे तिचं काम, असं उत्तर मिळालं. त्यावर ती म्हणाली म्हणे, मग मी तिची प्रतिस्पर्धी होणार. दरबारात जाऊन पोचायच्या आत ते वाक्य सगळ्यांच्या तोंडी झालं होतं.

माझं मत असं की या भागांतल्या खऱ्या कारस्थानी बाया या तिघी आहेत. द्यु बारी निदान स्वतःसाठी लढते आणि समोर येऊन लढते. आत्या दुसऱ्याच्या पोरीला पुढं ढकलून लढतात. इतिहासातही जुलै १७७१ मध्ये आंत्वानेत अखेर बोलायला तयार झाली होती, सगळं ठरलं होतं, ती द्यु बारीपासून दोन पावलांवर पोचली होती, आणि नेमक्या त्या क्षणी अदेलाइदनं ‘चला, उशीर झाला’ म्हणत तिला बाजूला नेलं. पाचवा भाग पाहताना हा क्षण मनात असू द्या.

पायरी ५: चौथा भाग पाहताना खरं आणि रचलेलं वेगळं करा

चौथ्या भागाच्या नावातच गुलाब, मद्य आणि द्यु बारी हे तिन्ही शब्द आहेत. ऑस्करच्या आईला आपल्या सेवेत घेण्यासाठी दोघी हट्ट धरतात आणि प्रकरण विषापर्यंत जातं. नाट्य म्हणून भाग रंगतदार आहे, ऑस्करची तलवारही म्यानात राहत नाही. पण ही सगळी कथा रचलेली. खऱ्या द्यु बारीनं कुणाला विष घातल्याचा इतिहासात मागमूस नाही. उलट तिच्या समकालीनांनी तिच्याबद्दल जे लिहिलं त्यात खर्चीकपणा, दागिन्यांचा हव्यास, राजकारणाचा कंटाळा हे दोष आहेत, क्रूरपणा नाही. देहदंड झालेल्या लुएम दांपत्यासाठी ती राजापुढं गुडघे टेकून बसली आणि त्यांचे प्राण वाचवले, ही तिची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट.

ऑस्कर स्वतः काल्पनिक आहे. तिचं जार्जे हे आडनाव मात्र खरं. १७९३ मध्ये तांप्लच्या तुरुंगातून राणीला सोडवण्याचा जो बेत फसला तो सेनापती जार्जेचाच होता. इकेदांनी त्या खऱ्या माणसाला एक मुलगी दिली.

मग मालिकेनं द्यु बारीला इतकं काळं का रंगवलं? इकेदांचा मुख्य आधार स्टेफान झ्वाइग यांचं १९३२ मधलं मारी आंत्वानेतचं चरित्र. त्यात या एका शब्दासाठीच्या झगड्यावर अख्खं प्रकरण आहे. चरित्र आंत्वानेतचं, म्हणून कॅमेराही तिच्या खांद्यावरून पाहतो. शिवाय मालिकेला ऑस्करसाठी तोडीस तोड शत्रू हवा होता, आणि मौन धरणाऱ्या बाईवर तलवार उपसता येत नाही. विष घालणाऱ्या बाईवर येते. मला हा बदल नाट्यासाठी मान्य आहे. फक्त तो बदल आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असावं.

मंत्री श्वाझलची गोष्टही तशीच. लोकांच्या तोंडी आहे की द्यु बारीनं त्याला घालवलं. २४ डिसेंबर १७७० ला त्याची हकालपट्टी झाली खरी, आणि तो तिला पाण्यात पाहत होता हेही खरं. पण इंग्लंडशी युद्ध ओढवून घेण्याची त्याची तयारी आणि न्यायसभांशी राजाचा चाललेला झगडा ही कारणं जास्त वजनदार होती. तिच्या बाजूचे म्हणून ओळखले जाणारे एग्वियाँचा ड्यूक वगैरे लोक सत्तेवर आले, पण चाल त्यांची होती आणि ती पटावरची सोंगटी होती.

पायरी ६: पाचवा भाग दोनदा पाहा

हा भाग अजिबात घाईत पाहू नका. शक्य असेल तर एका संध्याकाळी फक्त हाच.

पहिल्यांदा पाहताना फक्त आंत्वानेतकडे पाहा. दीड वर्षाहून अधिक काळ तिनं तोंड मिटून ठेवलं आहे. आता व्हिएन्नाहून आईची, सम्राज्ञी मारिया तेरेसाची पत्रं येऊ लागतात. ऑस्ट्रियाचा राजदूत मर्सी पुन्हा पुन्हा समजावतो. एका शब्दानं काय बिघडतं? आणि मग १ जानेवारी १७७२. नववर्षाच्या शुभेच्छा द्यायला दरबारातल्या बायका एकामागून एक युवराज्ञीसमोरून जात आहेत. द्यु बारी येते. आंत्वानेत तिच्या दिशेनं वळून म्हणते, आज व्हर्सायमध्ये फार माणसं आहेत.

बस, एवढंच. नावही घेतलं नाही, धड डोळ्याला डोळा दिला नाही. जपानी भाषेत हे वाक्य इतकं गाजलेलं आहे की ज्यांनी मालिका पाहिली नाही अशांनाही ते माहीत असतं. ऐकताना शेवटाकडे कान द्या. ‘ताइहेन ना हितो देसु कोतो’ मधलं ते ‘कोतो’ हे खानदानी बायकांच्या तोंडचं वळण आहे, हवेत सोडून दिल्यासारखं. कुणालाही उद्देशून म्हणता येईल असं वाक्य, आणि म्हणूनच ते तिनं निवडलं.

त्यानंतर आंत्वानेत कोसळते. एक युवराज्ञी या बाईपुढं हरली, असं ती रडत म्हणते. इथं पहिल्यांदा पाहणारा तिच्याबरोबर रडतो, आणि रडावं.

आता दुसऱ्यांदा लावा आणि या वेळी पोलंड मनात ठेवून पाहा. प्रशिया, रशिया आणि ऑस्ट्रिया मिळून पोलंडचा लचका तोडायच्या तयारीत होते. फ्रान्स हा पोलंडचा जुना मित्र. फ्रान्सनं आवाज उठवला तर घोटाळा होणार. म्हणून पंधरावा लुई खूश राहणं ऑस्ट्रियाला गरजेचं होतं, आणि त्याच्या प्रेयसीचा नातसुनेनं केलेला अपमान त्याला रोज बोचत होता. मारिया तेरेसा अत्यंत धर्मनिष्ठ बाई, अशा बायकांचा तिला मनस्वी तिटकारा. तरी तिनं स्वतःच्या सोळा वर्षांच्या मुलीला त्या बाईशी बोलायला लावलं. ऑगस्टमध्ये फाळणीचा करार झाला आणि ऑस्ट्रियाला पोलंडमधली गालिसिया मिळाली. एका वाक्यामुळं देश फुटला असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण त्या सोळा वर्षांच्या मुलीला घेरून उभ्या असलेल्या सगळ्या मोठ्या माणसांना पोलंड दिसत होतं आणि तिला एकटीला फक्त आपला मान दिसत होता, हे पाहिलं की तिच्या रडण्याचा अर्थ बदलतो.

आणि तिसरी गोष्ट. त्या दुसऱ्या वेळी द्यु बारीचा चेहराही पाहा. मालिका तिला विजयी दाखवते. पण दीड वर्ष सगळ्यांदेखत मुकं राहून अखेर तिला काय मिळालं? गर्दीबद्दलचं एक वाक्य. आंत्वानेतनं नंतर मर्सीला स्पष्ट सांगितलं की एकदा बोलले, पुन्हा ती बाई माझा आवाज ऐकणार नाही.

पायरी ७: सहावा भाग वगळू नका

अनेकजण म्हणतात की सहावा भाग मूळ गोष्टीपासून दूर जातो. नाव ‘रेशमी पोशाख आणि फाटके कपडे’. व्हर्साय सोडून कथा पॅरिसच्या गरीब वस्तीत येते आणि जान व रोझाली या बहिणी समोर येतात. पुढच्या कथेसाठी त्या दोघी लागणार आहेत हे तर खरंच. पण तो नेमका इथं, द्यु बारीच्या भागांच्या मधोमध का ठेवला असावा याचा विचार करा. ती जिथून आली ती हीच गल्ली. शिवणकाम करणाऱ्या बाईची बिनबापाची मुलगी, रूप सोडून हातात काही नाही. राजवाड्यातल्या खलनायिकेचं बालपण मालिका आपल्याला थेट दाखवत नाही, दुसऱ्या मुलींच्या रूपात दाखवते.

जान हे नाव योगायोगानं दोघींचं एकच आहे. द्यु बारीचंही जन्मनाव जान. इतिहासानं दिलेला योगायोग आहे, इकेदांनी रचलेला नाही. पण दहावा भाग सुरू झाला की तो फार बोलका वाटतो.

सातवा आणि आठवा भाग सलग पाहून टाका. ते आंत्वानेत, ऑस्कर आणि ऑस्करचा लहानपणापासूनचा सोबती आंद्रे यांच्या नात्यासाठी महत्त्वाचे आहेत, आपल्या विषयासाठी तेवढे नाहीत.

पायरी ८: नवव्या भागाआधी मेत्सची गोष्ट वाचा

नवव्या भागाचं नाव ‘सूर्य मावळतो, सूर्य उगवतो’ असं. राजा आजारी पडतो.

इथं एक जुनी घटना माहीत असली तर सगळा ताण कळतो. १७४४ मध्ये हाच राजा मेत्स शहरी आजारी पडला होता. मरणार असं वाटलं. धर्मगुरूंनी अट घातली: पापनिवेदन हवं, तर आधी प्रेयसीला घालवा. तेव्हाची प्रेयसी शातोरूची डचेस, तिला लोकांच्या शिव्याशाप झेलत निघावं लागलं. मग राजा बरा झाला आणि सगळ्यांदेखत केलेल्या त्या पश्चात्तापाची त्याला आयुष्यभर लाज वाटली. तिला त्यानं परत बोलावलंही.

तीस वर्षांनी, एप्रिल १७७४ च्या अखेरीला, राजाच्या अंगावर देवीचे फोड उठले. दरबारातल्या प्रत्येकाला मेत्स आठवत होतं. द्यु बारीला घालवलं आणि राजा वाचला तर? नाही घालवलं आणि तो पापनिवेदनाशिवाय मेला तर? देवीचा संसर्ग होईल हे माहीत असूनही द्यु बारी रात्री त्याच्या उशाशी बसत होती. ४ मे रोजी राजानंच तिला सांगितलं की मेत्सचा तमाशा पुन्हा नको. ती निघाली, एग्वियाँच्या रुएल इथल्या घरी गेली. सहा दिवसांनी राजा गेला. मालिकेनं हा क्रम आपल्या सोयीनं मांडला आहे, पण भावनेत चूक केलेली नाही.

या भागात तिच्या जाण्याच्या वेळी ऑस्कर तिच्याबरोबर असते आणि दोघींचं बोलणं होतं. ज्या बाईला सात भाग शत्रू म्हणून पाहिलं तिला मालिका इथं पहिल्यांदा तिच्या तोंडून तिची गोष्ट सांगू देते. ऑस्कर ऐकून घेते. तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते दयेपेक्षा वेगळं आहे, आणि मला वाटतं ऑस्करच्या पुढच्या सगळ्या वाटचालीचं बी इथं आहे. उच्चकुलीन, राजनिष्ठ ऑस्करला भुकेची गोष्ट सांगणारी पहिली व्यक्ती तिची शत्रू आहे. सबटायटल थांबवून थांबवून वाचा.

पायरी ९: मालिका थांबवा आणि तिचं पुढं काय झालं ते पाहा

मालिका तिला इथं सोडून देते. तुम्ही सोडू नका.

नव्या राजानं तिला पोंत-ओ-दामच्या मठात ठेवलं. सुमारे वर्षभरानं सुटका झाली आणि पुढं ती ल्युव्हसिएनला आपल्या घरी राहू लागली. सेन नदीच्या वरच्या अंगाला, वास्तुकार ल्दू यानं तिच्यासाठी बांधलेला मंडप तिथंच होता. १७७७ मध्ये आंत्वानेतचा सख्खा भाऊ, सम्राट दुसरा योसेफ, फ्रान्सला आला आणि मुद्दाम तिला भेटायला ल्युव्हसिएनला गेला. बहिणीनं जिच्याशी एक वाक्य बोलायला दीड वर्ष घेतलं, तिच्याबरोबर तो बागेत फिरला.

चित्रकार एलिझाबेथ व्हिजे ल ब्रं यांनी तिथं तिची चित्रं काढली. त्याच बाईंनी आंत्वानेतचीही कितीतरी चित्रं काढली होती. दोघींची चित्रं शेजारी ठेवून पाहा. द्यु बारी सोनेरी केसांची, हलक्या निळ्या डोळ्यांची, गवती टोपीतली, थोडी झोपाळू नजरेची. मालिकेतल्या तिच्या रूपाशी ताडून पाहा, म्हणजे खलनायिका कशी घडवली जाते ते रेषारेषांत दिसेल.

आपल्या उपखंडाशी एक धागाही इथंच आहे. तिच्याकडे झामोर नावाचा सेवक होता. लहानपणी तो तिला भेट म्हणून मिळाला. ती त्याला आफ्रिकन समजत असे. तो मूळचा बंगालचा, चितगावकडचा, गुलामांच्या व्यापारात विकला गेलेला मुलगा. रेशमी कपडे घालून त्याला खेळण्यासारखं मिरवलं गेलं. क्रांती आली तेव्हा तो वाचू लागला होता, रूसोची पुस्तकं त्याच्या हाती होती, आणि १७९३ मध्ये क्रांतिकारी न्यायालयात तो तिच्या विरुद्ध साक्षीला उभा राहिला. चोरीला गेलेल्या दागिन्यांच्या शोधात ती लंडनच्या फेऱ्या करत होती, आणि तेच तिच्यावरच्या आरोपाचं निमित्त झालं. न्यायालयात आपण बंगालचे आहोत हे त्यानं स्वतः सांगितलं. द्यु बारीवर लिहिणारे बहुतेक लोक त्याला कृतघ्न ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. पोरवयात विकला गेलेल्या माणसाकडून कृतज्ञतेची अपेक्षा कशी करावी?

८ डिसेंबर १७९३ ला तिला गिलोटिनवर नेलं. आंत्वानेतला त्याच चौकात १६ ऑक्टोबरला नेलं होतं, मधे ५३ दिवस. राणी ताठ मानेनं गेली. द्यु बारी किंचाळली, लोकांना विनवत राहिली. व्हिजे ल ब्रं यांनी आठवणींत लिहिलं की त्या काळात मारल्या गेलेल्या बायकांत वधस्तंभाचं दर्शन सहन न झालेली ती एकटीच. बाकीच्या जणींनीही आपला अभिमान थोडा सोडून असाच आकांत केला असता तर तो रक्तपात लवकर थांबला असता, असंही त्यांना वाटत होतं.

पुढं काय पाहावं

दहावा भाग लगेच लावू नका, एक दिवस जाऊ द्या. त्यात नवी खलनायिका येते, जान व्हालवा, सहाव्या भागात दिसलेली तीच जान, आणि नावातच तिला ‘सुंदर सैतान’ म्हटलं आहे. पुढं ज्या हिऱ्यांच्या हारावरून राणीची अब्रू जाते तो हार जवाहिऱ्यांनी जमवायला घेतला होता द्यु बारीसाठीच. राजा मेला आणि गिऱ्हाईक गेलं. हार तसाच पडून राहिला, जवाहिरे तो आंत्वानेतला पुन्हा पुन्हा दाखवत राहिले आणि ती नको म्हणत राहिली. १७८५ मध्ये त्याचं प्रकरण फुटलं. त्या भागांपर्यंत पोचाल तेव्हा हार कुणाच्या गळ्यासाठी होता ते आठवा.

त्याच राजाच्या दरबारातली द्यु बारीच्या आधीची प्रेयसी, मादाम द पोंपादूर, पाहायची असेल तर २००६ मध्ये सुरू झालेली ‘शव्हालिए देओं’ ही प्रॉडक्शन आय.जी.ची २४ भागांची मालिका आहे. तिच्यात गूढ आणि जादू भरपूर आहे, इतिहास पातळ आहे. ती नंतर, सावकाश. आधी पाचवा भाग पुन्हा एकदा.